खिडकीच्या उजेडात घरातल्या ठेव्याचे फोटो

इंदूरच्या मराठी घरांत माळ्यावरून आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यातून काय निघेल याचा नेम नाही. पणजीच्या नावाची पितळी घागर, बारशाला आलेली चांदीची वाटी, आजोबांची होळकरी पगडी, मोडीतली पत्रं, संवत घातलेले तांब्याचे पैसे. रामबागेतले आणि जुन्या इंदूरमधले वाडे एकेक करून पडताहेत, मुलं पुण्याला, बंगळूरला, परदेशात आहेत, आणि वाटणीत एक वस्तू एकाच घरी जाते. फोटो मात्र सगळ्या भावंडांना मिळू शकतो. पण तो ट्यूबलाइटखाली, पलंगावरच्या फुलाफुलांच्या चादरीवर घाईत काढलेला असला तर वीस वर्षांनी त्यातून काही कळत नाही. घागरीवरचं नाव वाचता आलं पाहिजे, शेल्याचा खरा रंग कळला पाहिजे, नथीतला मोती आणि खडा वेगळे दिसले पाहिजेत.

याला महागडा कॅमेरा लागत नाही. बरा फोन, एक खिडकी आणि निवांत सकाळ एवढं पुरतं. पुढचं सगळं एका गोष्टीवर उभं आहे: उजेड एका वेळी एकाच बाजूने येऊ द्यायचा, आणि ती बाजू कोणती हे वस्तू पाहून ठरवायचं.

आधी खिडकी ठरवा

लाला दीनदयाळ यांचं नाव जुन्या फोटोंची आवड असणाऱ्यांना माहीत असतं. ते सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला इंदूरला होते, १८७४ च्या सुमारास इथंच त्यांनी कॅमेरा हाती घेतला, आणि दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी त्यांना उत्तेजन दिलं. त्या काळात विजेचे दिवे नव्हते, त्यामुळे स्टुडिओ बांधताना काचेचं छत किंवा मोठी खिडकी उत्तरेकडे ठेवायची पद्धत होती. कारण सरळ आहे. उत्तरेच्या खिडकीतून ऊन जवळजवळ येतच नाही, येतो तो नुसता आभाळाचा उजेड, आणि तो तासन्‌तास फारसा बदलत नाही.

घरात उत्तरेची खिडकी असेल तर तीच घ्या. इंदूर कर्कवृत्ताच्या जेमतेम दक्षिणेला, २२.७ अंशांवर आहे. त्यामुळे जूनच्या पहिल्या आठवड्यापासून जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भर दुपारचा सूर्यसुद्धा डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि उन्हाळाभर सकाळ-संध्याकाळ तिरपी किरणं उत्तरेच्या खिडकीतही डोकावतात. एरवी ती खिडकी दिवसभर कामाची.

पूर्वेची खिडकी असेल तर दुपारनंतर बसा, पश्चिमेची असेल तर सकाळी. दक्षिणेच्या खिडकीची मात्र हिवाळ्यात पंचाईत होते. डिसेंबरात मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून फक्त ४४ अंशांवर असतो, त्यामुळे ऊन थेट खोलीच्या आतपर्यंत येतं. अशा वेळी खिडकीवर जुनं पांढरं धोतर एकेरी ताणून लावा. ऊन धोतरावर अडतं आणि अख्खं धोतर उजळून खिडकीएवढा मऊ उजेड देतं. खिडकीच्या गजांची सावली वस्तूवर पडत असेल तर तीही यानेच जाते. एक लक्षात ठेवा, आपल्याकडे मध्यान्ह घड्याळाच्या बाराला होत नाही. ऋतूप्रमाणे बारा-दहा ते बारा-चाळीसच्या दरम्यान होतो, तेव्हा ‘ऊन कलल्यावर’ बसायचं असेल तर एकनंतर बसा.

पावसाळ्यातलं ढगाळ आभाळ फोटोला फार छान, पण उजेड कमी आणि हवा दमट. रेशीम, जुने फोटो, कागद त्या दिवसांत ट्रंकेबाहेर काढू नयेत. ती कामं दिवाळीनंतर करावीत. भांडी आणि देवघरातल्या वस्तू पावसाळ्यातही चालतात. महालक्ष्म्यांचे पितळी मुखवटे तर भाद्रपदातच बाहेर येतात. ते परत कापडात गुंडाळण्याआधीचा दिवस त्यांच्यासाठी राखून ठेवा.

घरातले दिवे बंद

खोलीतले सगळे दिवे बंद करा, टीव्हीसुद्धा. खिडकीचा उजेड निळसर असतो, पिवळा दिवा तांबूस असतो, आणि दोन्ही एकाच वेळी वस्तूवर पडले की चांदीचा एक गाल निळा, एक पिवळा दिसतो. नंतर संगणकावर तो रंग नीट करता येत नाही, कारण एका बाजूला सुधारायला गेलं की दुसरी बिघडते. काही एलईडी दिव्यांखाली फोटोत आडवे काळे पट्टेही येतात.

भिंतींकडेही बघा. गुलाबी किंवा हिरव्या रंगाची भिंत खिडकीशेजारी असली की तिचा रंग पितळेवर उतरतो. भिंतीवर पांढरी चादर टाकली की काम भागतं. खिडकीची काच रंगीत असेल तर तावदान उघडून बसा, फक्त वाऱ्याकडे लक्ष ठेवा.

मांडणी

खजुरी बाजारात कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतील त्या चार गोष्टी आणा: दोन मोठे पांढरे कार्डशीट, एक काळा, एक करडा. थर्माकोलचा तुकडा बहुतेक घरांत असतोच. खिडकीपासून दोन-तीन फुटांवर टेबल ठेवा, असं की खिडकी तुमच्या डाव्या किंवा उजव्या हाताला येईल. खिडकी पाठीशी घेऊन फोटो काढायची आपल्याला सवय असते. त्यात उजेड भरपूर मिळतो, पण वस्तू सपाट दिसते, आणि तुमची स्वतःचीच सावली मध्ये येते.

करड्या कार्डशीटचं एक टोक मागे भिंतीला किंवा पुस्तकांच्या चळतीला चिकटवा आणि दुसरं टेबलावर पुढे येऊ द्या. मध्ये घडी घालायची नाही, नुसता बाक येऊ द्यायचा. वस्तूमागे टेबलाची कड दिसत नाही. बहुतेक वस्तूंना करडी पार्श्वभूमीच बरी. पांढऱ्यावर चांदी हरवते, काळ्यावर मोती भडक होतात, आणि दागिन्याच्या डबीतली लाल मखमल तर सोन्यावर आणि मोत्यांवर आपला रंग चढवते.

आता खिडकीच्या विरुद्ध बाजूला थर्माकोल उभा करा. सावलीतली बाजू हळूहळू उजळताना दिसेल. जवळ आणला की सावली फिकी, लांब नेला की गडद. सावली पूर्ण घालवू नका. घागरीचा गोल, वाटीची खोली हे सगळं सावलीमुळेच कळतं.

फोनची तयारी

भिंग मऊ कापडाने पुसा. खिशातल्या फोनच्या भिंगावर बोटाचं तेल असतंच, आणि त्याने उजळ भागाभोवती धुरकट वलय येतं. फ्लॅश बंद. पोर्ट्रेट मोड बंद, कारण फोन स्वतःच्या अंदाजाने मागचं पुसट करतो आणि त्या नादात तांब्याचा काठ किंवा झारीची चोच अर्धी खाऊन टाकतो. फोन हातात धरू नका. स्टँड नसला तर दोन जाड पुस्तकांमध्ये उभा करा आणि दोन किंवा तीन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बोट लागल्याचा धक्का बसत नाही.

वस्तूवर बोट दाबून धरलं की बहुतेक फोनमध्ये फोकस आणि उजेड दोन्ही तिथंच पक्के होतात. मग बोट खालीवर सरकवून उजेड कमी-जास्त करता येतो. कॅमेरा प्रत्येक वस्तू मध्यम करडी आहे असं धरून चालतो. म्हणून पांढरा शंख मळकट येतो आणि काळा शिसवी डबा राखाडी येतो. शंखाला उजेड थोडा वाढवा, डब्याला थोडा कमी करा.

फार जवळ जाऊ नका. फोन वस्तूला टेकवला की जवळचा भाग फुगलेला दिसतो आणि फोनचीच सावली पडते. दीड-दोन फूट मागे सरका आणि फोनला वेगळी दुपटीची किंवा तिपटीची लेन्स असेल तर ती वापरा. बोटांनी चिमटीत पसरून मोठं करण्यात काही अर्थ नाही, त्यात बारकावे वाढत नाहीत.

प्रत्येक बैठकीची सुरुवात एका कोऱ्या पांढऱ्या कागदाच्या फोटोने करा. पुढे रंगाची शंका आली तर तो कागद पांढरा दिसेपर्यंत रंग सुधारायचा, आणि तीच सुधारणा बाकीच्या फोटोंना लावायची.

नाव घातलेली भांडी

आता वस्तूंकडे. सगळ्यात जास्त वेळ मी या भांड्यांना देते, कारण इतर वस्तू कुणाच्या हे सांगणारं माणूस लागतं, भांडं स्वतः सांगतं. लग्नात, मुंजीत, डोहाळजेवणात दिलेल्या भांड्यांवर नाव घालायची आपली पद्धत. जुन्या तांब्या-पितळेच्या भांड्यांवर छिन्नीने ठोकून, ठिपक्या-ठिपक्यांनी घातलेली अक्षरं असतात: देणाऱ्याचं नाव, ‘यांजकडून’, कधी गाव, कधी तिथी आणि शके. घासून घासून ती इतकी पुसट होतात की समोरून काही दिसत नाही.

इथे उजेड जवळजवळ पृष्ठभागाला घासून आला पाहिजे. लाकडी झडपांची खिडकी असेल तर झडपा ओढून वीतभर फट ठेवा. पडदा असेल तर पडदा ओढून तेवढीच फट ठेवा. भांडं फटीच्या अगदी शेजारी धरा आणि सावकाश फिरवा. एका ठरावीक कोनात प्रत्येक ठिपक्याच्या एका कडेला प्रकाश आणि दुसऱ्या कडेला सावली पडते आणि नाव उठून येतं. तो कोन सापडला की भांड्याखाली घडी घातलेला टॉवेल सरकवून ते तसंच टेकवून ठेवा. फोन हलवून कोन शोधण्यापेक्षा भांडं फिरवणं सोपं जातं. थर्माकोल या वेळी बाजूला काढा, कारण तो नेमकी हवी असलेली सावली भरून टाकतो.

घागर किंवा तपेलीवर नाव गोलाईने जात असेल तर एका फोटोत मावत नाही. भांडं थोडं थोडं फिरवत तीन-चार फोटो काढा, आणि प्रत्येकात आधीच्या फोटोतली दोन अक्षरं येऊ द्या. अक्षरं वाचता यावीत म्हणून त्यांत पीठ, खडू किंवा रांगोळी चोळायची सवय बऱ्याच जणांना असते. ते करू नका. ती पूड ठिपक्यांत बसते, ओल धरते आणि निघत नाही. तिरप्या उजेडात तशी गरजही पडत नाही.

नाव वाचून झालं की साल लावा. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, जानेवारीनंतरच्या तिथ्यांना ७९. चैत्रापासूनचा विक्रम संवत असेल तर ५७ वजा करा. होळकरांच्या पैशांवर संवत असतो. यशवंतराव होळकरांची छबी असलेला अर्धा आणा संवत १९९२ चा, म्हणजे १९३५ चा. त्याच्या आधीच्या तांब्याच्या पैशावरचा बसलेला नंदी झिजलेला असला तरी याच घासत्या उजेडात त्याचं वशिंड आणि शिंगं स्पष्ट होतात. देवघरातल्या टाकांनाही हीच रीत. मल्हारी मार्तंडाचा टाक शतकभराच्या अभिषेकाने गुळगुळीत झालेला असतो. त्यावरचं हळदकुंकू काढू नका, आहे तसाच फोटो घ्या, आणि घरातल्या मोठ्यांना विचारूनच टाक हलवा.

चांदी

चांदीला तिरपा, फटीतला उजेड अजिबात चालत नाही. गुळगुळीत चांदी आरशासारखी वागते. फोटोत तुम्हाला चांदी दिसत नसते, चांदीत दिसणारी खोली दिसत असते. म्हणून खोलीच पांढरी करायची. अत्तरदाणी किंवा गुलाबदाणीच्या डाव्या-उजव्या बाजूंना आणि वरून पांढरं मलमलीचं कापड असं धरा की तिला सगळीकडे पांढरंच दिसेल, आणि समोर फोनच्या भिंगापुरती जागा मोकळी सोडा. तुम्ही स्वतः फिक्या, साध्या रंगाचा सदरा किंवा ओढणी घाला. लाल साडी नेसून काढलेला चांदीचा फोटो लाल येतो.

आता सगळं पांढरं झालं की वस्तूची कड पार्श्वभूमीत विरघळते. काळ्या कार्डशीटच्या दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या कापा आणि वस्तूच्या दोन्ही बाजूंना, चौकटीबाहेर राहतील अशा उभ्या करा. त्यांचं प्रतिबिंब कडेला बारीक काळ्या रेषेसारखं उमटतं आणि आकार रेखीव होतो. हे करून बघाच, फरक लगेच दिसतो.

फोटोसाठी म्हणून सराफ्यात नेऊन चांदी उजळून आणू नका, आणि घरीही चिंच-लिंबू लावून घासू नका. काळेपणा म्हणजे चांदी आणि गंधक यांचा थर, तो काढताना दर वेळी थोडी चांदीही जाते. शिवाय नक्षीच्या खाचांतला काळेपणा असतो म्हणून तर नक्षी फोटोत दिसते. मऊ सुती कापडाने धूळ टिपा आणि हात कोरडे, स्वच्छ ठेवा.

पैठणी, महेश्वरी, शेला

रेशमी वस्त्र बाहेर काढण्याआधी अंगठ्या, बांगड्या, घड्याळ उतरवा. टेबल पुरत नाही. जमिनीवर किंवा लाकडी पलंगावर स्वच्छ पांढरी चादर अंथरा आणि त्यावर घडी उलगडा. जुनं रेशीम चिमट्यांनी दोरीवर टांगू नका, स्वतःच्या आणि जरीच्या वजनाने ते घडीच्या रेषेवर फाटतं. इस्त्रीही नको. घडीच्या खुणा फोटोत आल्या तर येऊ द्या.

उन्हात कधीच नाही, पाच मिनिटंसुद्धा नाही. उजेडाने उडालेला रंग परत येत नाही. खिडकीचा मऊ उजेड एका बाजूने, थोडा तिरपा येऊ द्या. जरीचा प्रत्येक धागा दिसतो. धूपछाव कापडात ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो, म्हणून एका फोटोत तिचा रंग कधीच पुरा सापडत नाही. खिडकीकडे तोंड करून एक आणि खिडकीच्या बाजूने एक असे दोन फोटो ठेवा. पैठणीच्या पदराची दोन्ही अंगं घ्या, विणकामाची ओळख तिथंच पटते. आपल्या शेजारच्या महेश्वरची साडी असेल तर तिची बुगडी किनार दोन्ही बाजूंनी सारखी असते, तीही उलटून दाखवा. विरलेली, रफू केलेली जागा झाकू नका. रफू कुणी केला हे घरात कुणाला तरी आठवत असतं.

बारीक विणीवर फोटोत कधी कधी लाटांसारखे रंगीत पट्टे येतात. ते कापडात नसतात. फोन थोडा पुढे-मागे केला किंवा जरासा वळवला की जातात.

तसबिरी आणि कागद

काचेच्या फ्रेममधला जुना फोटो चौकटीतून सोडवायला जाऊ नका. दमट हवेत फोटो काचेला चिकटलेला असू शकतो, ओढला की चेहराच निघून येतो. फ्रेम भिंतीवरून उतरवून उभी टेकवा, खिडकी बाजूला येईल अशी, आणि फोन फ्रेमला अगदी समांतर ठेवा. काचेत दिसतं ते फोनच्या मागचं. म्हणून तुमच्या मागे कुणाला तरी काळी शाल पसरून उभं करा. चकाकी लगेच नाहीशी होते. जुन्या फोटोंच्या गडद भागांवर निळसर चंदेरी झाक आलेली असते, ती फ्रेम थोडी वळवली की कमी होते. पाठीचा फोटो न चुकता घ्या. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीने लिहिलेली नावं तिथं असतात.

मोडी पत्रांना दोन फोटो पुरतात: एक समोरून एकसारख्या उजेडात, वाचण्यासाठी, आणि एक तिरप्या उजेडात, घड्या आणि शिक्क्याचा उठाव दिसण्यासाठी. घडी उलगडत नसेल तर जोर लावू नका.

दागिने

नथ, ठुशी, मोहनमाळ करड्या कागदावर मऊ उजेडात ठेवा. शेजारी थर्माकोल असू द्या. मागचा फासा, मळसूत्र, सोनाराचा शिक्का यांचे फोटो वेगळे काढा. आणि दागिना घालणारी आजी घरात असेल तर तो तिच्या नाकात, गळ्यात असताना एक फोटो खिडकीपाशी बसवून नक्की काढा. नथ कशी तोलून बसते हे कागदावर ठेवल्यावर कळत नाही.

किती फोटो, आणि नंतर काय

प्रत्येक वस्तूचे समोरून, मागून, बाजूने आणि बुडाकडून फोटो हवेत. शिवाय खुणा आणि झीज जवळून, आणि एक फोटो शेजारी फूटपट्टी ठेवून. फूटपट्टी नसेल तर वाटी आणि घंगाळ फोटोत सारखेच दिसतात. फोटो चालू असताना वस्तूबद्दल जे बोलणं निघतं ते फोनवर रेकॉर्ड करा. वस्तू हातात असली की मोठ्यांना एरवी न आठवणाऱ्या गोष्टी आठवतात.

त्याच दिवशी फाइलला नाव द्या, उद्यावर टाकू नका: वस्तू, कुणाची, कुठून आली, फोटोची तारीख, सध्या कुणाकडे आहे. ‘घागर, पणजीच्या माहेरची’ हे नाव फोनने दिलेल्या आकड्यांपेक्षा शंभरपट कामाचं. तीन प्रती ठेवा: एक संगणकावर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे.

घरच्या ग्रुपवर पाठवताना फोटो म्हणून पाठवले तर व्हॉट्सअ‍ॅप ते आक्रसतं आणि घागरीवरची अक्षरं परत पुसट होतात. तेच डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मूळ फाइल जशीच्या तशी जाते. पण मूळ फाइलबरोबर फोटो काढल्याची जागाही जाऊ शकते, म्हणून दागिने आणि चांदी काढायला बसण्याआधी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करा.